आवाजाचा सांधा

कार्तिकातल्या काकडआरतीसाठी दारव्हा तालुक्यातील एका लहानशा गावी चार दिवस मुक्कामाला जाण्याचा माझा शिरस्ता महसूल खात्यातली नोकरी संपल्यानंतरही मी मोडलेला नाही. पहाटे चारचा सुमार, देवळाच्या ओट्यावर अंथरलेली सतरंजी, कापूस वेचायला जाण्यापूर्वी तासभर देवाच्या पायाशी घालवावा म्हणून आलेली दहाबारा माणसे, आणि थंडीने बोटे आखडलेला पेटीवाला, एवढा सरंजाम जमला म्हणजे तेथे ज्या गोष्टीची उणीव राहते ती एकच : तापलेला गळा. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका पहाटे पेटीवाल्याने काळी चारची उंच पट्टी धरली आणि वरच्या चरणाचा मान वडीलकीच्या नात्याने मजकडे आला. तार षड्जापर्यंत मी कसाबसा जाऊन पोचलो, तेथून गांधाराकडे पाऊल टाकले मात्र, आणि आवाज असा काही चिरकला की पुढे बसलेल्या पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या, आणि टाळ धरून बसलेले एक म्हातारबुवा ताल न सोडता शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचा आवाज तं मुर्तिजापूरले उतरला ना जी!"

या विनोदाची खुमारी आमच्या जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला उमगावी म्हणून थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी साहेबांच्या कंपनीने घातली होती. सुमारे ११३ किलोमीटरांचा तो प्रवास ती इतक्या सावकाश करी की उतारूने मध्येच उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा डबा गाठावा, अशी थट्टा चाले. परंतु खरी गंमत मूर्तिजापूरला होती. तेथे अडीच फुटांचा रूळ संपे आणि साडेपाच फुटांचा सुरू होई. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर जाणे शक्य नसल्यामुळे पेट्या, वळकट्या आणि रडती पोरे सावरीत सगळ्यांना उतरावे लागे, फलाट ओलांडावा लागे आणि मोठ्या गाडीत नव्याने जागा धरावी लागे. माझ्या गळ्याचे त्या पहाटे नेमके हेच झाले होते. एका रुळावरून निघालेला आवाज जेथे तो रूळ संपतो तेथे येऊन ठेपला, दुसरा रूळ समोर दिसत होता, परंतु मधल्या फलाटावर वळकटी सुटली आणि सारा संसार उघडा पडला.

गायनशास्त्रात या फलाटाला, म्हणजे आवाजाच्या सांध्याला, नाव आहे, आणि तो लोकांच्या नजरेस न येऊ देता ओलांडण्याच्या कौशल्यालाही नाव आहे. आजकाल शहरातल्या गाण्याच्या क्लासांतून तरुण मुले ज्याला 'मिक्स व्हॉइस' म्हणतात तो हाच मिश्र आवाज. छातीचा आवाज एक, डोक्याचा आवाज दुसरा आणि या दोहोंच्या मधला, दोहोंचे गुण घेतलेला हा तिसरा, अशी त्याची फोड सामान्यतः केली जाते. आणि मग हा तिसरा आवाज कोठेतरी गळ्यात दडून बसलेला आहे, तो एकदा सापडला की तार सप्तकाचे दार आपोआप उघडेल, अशा समजुतीने मुले महिनोन्‌महिने त्याचा शोध घेत राहतात. मला स्वतःला ही समजूत मूळचीच चुकीची वाटते. गळ्यात तिसरा आवाज नाही. आहे ती दोन कारभाऱ्यांमधली समजूत. आणि ती समजूत कशी घडते हे पाहण्यासाठी आधी त्या दोन कारभाऱ्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

गळ्यावर जी घाटी हाताला लागते तिच्या आत मागून पुढे ताणलेल्या दोन स्वररज्जू असतात. रज्जू म्हटल्यामुळे सतारीच्या तारा डोळ्यांसमोर येतात, परंतु वस्तुतः त्या स्नायूवर ओलसर आवरण चढवलेल्या दोन घड्या आहेत; पुरुषांत त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, स्त्रियांत १२ ते १७ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या एका पेराएवढीही बहुधा भरत नाही. फुप्फुसांतून येणारा वारा त्यांना विलग करतो, त्या पुन्हा मिटतात, आणि हे मिटणे-उघडणे एका सेकंदात जितक्या वेळा होईल तितकी त्या स्वराची उंची. काळी एकच्या मध्य षड्जाला ते सुमारे १३९ वेळा घडते, तार षड्जाला बरोबर दुपटीने म्हणजे २७७ वेळा.

आता पहिला कारभारी म्हणजे त्या घडीच्या अंगातलाच स्नायू. तो आकसला की घडी आखूड, जाड आणि भरीव होते, तिच्या साऱ्या जाडीनिशी कंप पावते, आणि प्रत्येक आवर्तनात पुष्कळ वेळ घट्ट मिटलेली राहते. यातून जो दणकट, बोलण्याजवळचा ध्वनी निघतो तो छातीचा आवाज, कारण छातीवर तळहात ठेवला तर तेथे त्याचा थरकाप जाणवतो. दुसरा कारभारी बाहेरचा आहे. घाटीचे मोठे कूर्चापात्र आणि तिच्या खालचे अंगठीसारखे कडे यांना जोडणारा तो स्नायू आकसला की वरचे पात्र पुढे झुकते आणि आतली घडी लांब, पातळ, ताणलेली होते. मग कंप पावते ती केवळ तिची कडा, मिटणे अर्धवट राहते, आणि जो हलका, बासरीच्या जातीचा ध्वनी निघतो त्याला डोक्याचा आवाज म्हणतात. तो फारच पोकळ झाला म्हणजे त्याला इटालियन लोकांनी 'खोटा' या अर्थाचे 'फॉल्सेटो' हे नाव दिले आहे. आवाज छातीतही जन्मत नाही आणि डोक्यातही नाही. दोन्हींचे जन्मस्थान तीच एक पेरभर जागा आहे. वाचकाला या दुसऱ्या कारभाऱ्याची गाठ घ्यायची असेल तर त्याने घाटीच्या खाली बोट ठेवून चाचपावे. तेथे एक बारीकशी फट लागते. बोट तसेच ठेवून 'ऊ' म्हणत खालच्या स्वरावरून हळूहळू वर जावे. वर जाता जाता ती फट बोटाखाली मिटत चाललेली कळते.

दोन्ही कारभारी एकाच वेळी कामावर असतात, फक्त अंमल कोणाचा हा प्रश्न असतो. खाली पहिल्याचा अंमल, वर दुसऱ्याचा. चढत्या स्वरांबरोबर पहिला जर आपला कब्जा सोडीनाच, तर घडी जाडच राहते, वाऱ्याचा जोर वाढवावा लागतो, मानेच्या शिरा फुगतात, आणि अखेर तो थकून एकाएकी हात टाकतो. त्याच क्षणी घडी सपकन पातळ होते, स्वर उडतो, आणि लोक म्हणतात आवाज चिरकला. महसूल खात्यात चाळीस वर्षे घालविलेल्या माणसाला याची उपमा शोधायला दूर जावे लागत नाही. बदलीचा हुकूम आल्यावर जाणारा कारकून अखेरच्या दिवशी संध्याकाळी किल्ल्या टेबलावर टाकून चालता झाला, तर येणाऱ्याच्या हाती दफ्तराचा ढिगारा तेवढा येतो. कोणते प्रकरण कोठे अडले आहे, कोणत्या फिर्यादीला काय उत्तर दिले आहे, याचा त्याला पत्ता नसतो आणि पहिल्याच दिवशी कचेरीत गोंधळ माजतो. शहाणा कारकून आठवडाभर आधीपासून येणाऱ्याला शेजारी बसवतो; सुरुवातीला सह्या याच्या असतात आणि कागद पुढे सरकवण्याचे काम त्याचे, मग हळूहळू सह्या त्याच्या होतात आणि हा नुसता बोट दाखवीत राहतो, आणि पक्षकाराला चार्ज केव्हा बदलला हे कळतही नाही. मिश्र आवाज म्हणजे ते दोघांनी एका टेबलाशी बसण्याचे दिवस. त्या दिवसांची संख्या वाढवणे, म्हणजे दुसऱ्या कारभाऱ्याला पुष्कळ खालच्या स्वरापासूनच कामाला लावणे आणि पहिल्याला पुष्कळ वरपर्यंत थोडासा हजर ठेवणे, हीच त्याची सारी साधना होय.

हा कारभार प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचे श्रेय एका गाणाऱ्याकडे जाते, वैद्याकडे नव्हे, ही गोष्ट मला नेहमी मोठी समाधानाची वाटत आली आहे. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातला गायनशिक्षक पॅरिसच्या एका राजवाड्याच्या आवारात हिंडत असता खिडक्यांच्या काचांवर झळकणारे ऊन पाहून थबकला. ते परावर्तन गळ्याच्या आत नेता आले तर, या एका विचाराने त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा मिळवला, तो घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला, आणि स्वतःच्या गाणाऱ्या स्वररज्जू स्वतः पाहिल्या. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते निवेदन रुजू झाले. आवाजाचे वेगवेगळे 'पट' असतात, आणि एक पट म्हणजे एकाच यंत्रणेने उत्पन्न होणाऱ्या सलग, सजातीय स्वरांची मालिका, ही कल्पना त्याने यापूर्वीच मांडली होती. ती आजही टिकून आहे. हा गृहस्थ १०१ वर्षे जगला आणि १९०६ मध्ये वारला.

गार्सियाच्या त्या आरशानंतर दीडशे वर्षांनी, २००४ मध्ये, नथाली हेन्रिक, मिशेल कास्तेलेंगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला की मिश्र आवाज ही खरोखर स्वतंत्र यंत्रणा आहे काय. गायकांच्या गळ्याला बाहेरून विद्युत्‌-पट्ट्या लावून रज्जूंच्या मिटण्या-उघडण्याचे आलेख त्यांनी तपासले, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की नाही. गायक प्रत्येक वेळी पहिल्या किंवा दुसऱ्या यंत्रणेतच असतो, मात्र त्या यंत्रणेला तो दुसरीचा रंग असा काही चढवतो की ऐकणाऱ्याला सांधा लागत नाही. म्हणजे सही एकाचीच असते. मायना दोघांनी मिळून लिहिलेला असतो. माझी उपमा या संशोधनाने थोडी दुरुस्त केली, आणि ती दुरुस्ती मी आनंदाने मान्य करतो.

हा रंग चढवण्यात स्वररज्जूंइतकाच वाटा तोंडाच्या आकाराचा आहे, आणि येथे आमच्या भजनी मंडळांचे दुखणे दडलेले आहे. प्रत्येक स्वरात मूळ ध्वनीबरोबर त्याच्या दुपटीचा, तिपटीचा असे सूक्ष्म ध्वनी मिसळलेले असतात आणि तोंडाची पोकळी त्यांतल्या आपल्या आवडीच्या ध्वनीला उचलून धरते. उघड्या 'आ'काराची आवड सामान्यतः सेकंदाला ७०० कंपनांच्या आसपास असते. काळी एकमध्ये गाणारा पुरुष तार गांधाराशी, म्हणजे ३४९ च्या जवळ येतो तेव्हा त्याच्या स्वराची दुप्पट बरोबर त्या ७००ला भिडते. मध्यमावर ती पुढे निघून जाते आणि आजवर जो आधार मिळत होता तो नाहीसा होतो. अशा वेळी गाणाऱ्यापुढे दोनच वाटा राहतात. तोंड आणखी फाडून, घाटी वर ओढून त्या पोकळीलाच वर रेटायचे, म्हणजे ओरडायचे. किंवा 'आ'ला किंचित 'ऑ'कडे वळवून, जबडा सैल सोडून, आवाजाला आपले रूप बदलू द्यायचे. पहिल्या वाटेने गेले की आवाज मोठा होतो आणि दुसऱ्या दिवशी बसतो. देवळात ध्वनिक्षेपक नसताना चार शेते ओलांडून अभंग ऐकू जावा ही निकड ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांनी पहिली वाट धरली यात नवल नाही, आणि त्या खणखणीत आवाजाचे मलाही मनस्वी आकर्षण आहे. पण काळी चारमध्ये मध्य सप्तकाचा धैवतच ३४९ वर येतो, म्हणजे ज्या फलाटावर शास्त्रीय गायक तार गांधाराला पोचतो त्यावर आमचा भजनी बुवा अर्ध्या वाटेतच उभा असतो, आणि उरलेला सगळा अभंग त्याला ओरडूनच पार पाडावा लागतो, हेही नाकारता येत नाही.

आपल्याकडे या विषयाचा विचारच झाला नव्हता असे मात्र कोणी समजू नये. यादवांच्या देवगिरीस, सिंघण राजाच्या पदरी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्यात मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मूर्धा असे सांगितले आहे, म्हणजे छाती आणि डोके ही दोन ठिकाणे पाश्चात्त्यांप्रमाणेच त्यालाही जाणवली होती आणि शिवाय मधल्या कंठाला त्याने स्वतंत्र जागा दिली होती. पुढे प्रकीर्णकाध्यायात तो आवाजाचे चार प्रकार करतो : कफापासून खाहुल, पित्तापासून नाराट, वातापासून बोंबक आणि या तिन्हींच्या मेळापासून मिश्रक. 'मिश्रक' हा शब्द वाचून माझे मन क्षणभर हुरळले होते, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याचा मिश्रक आणि आजचा मिश्र आवाज एक नव्हेत. त्याच्यापुढे प्रश्न प्रकृतीचा होता, कोणाचा गळा स्निग्ध आणि कोणाचा पोकळ, आणि आपल्यापुढे प्रश्न एकाच गळ्यातल्या संक्रमणाचा आहे. तरीही एका आवाजाचे दोष दुसऱ्याच्या गुणांनी झाकले जातात आणि उत्तम आवाज बहुधा निर्भेळ नसतो, हे त्याचे निरीक्षण आजच्या विषयाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपलेले आहे. जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे हा थोर संगीतशास्त्री दरबारात श्रीकरणाचा अधिकारी होता, अर्थात हिशेबनीस. आकड्यांच्या वह्यांतून मान वर काढून आवाजाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाबद्दल मला साहजिकच जवळीक वाटते.

शास्त्रापेक्षा रूढीने दिलेली उत्तरे अधिक चतुर आहेत. जात्यावरची ओवी ऐका. चारपाच स्वरांच्या अंगणात ती फिरते आणि अंगणाबाहेर पाऊल टाकीत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांचीही तीच तऱ्हा. ज्या गाण्यात सांध्यापर्यंत जावेच लागत नाही ते गाणे कोणत्याही गळ्याला, कोणत्याही वयात, दळता दळता म्हणता येते. लोकांनी चाली घडवताना ही हद्द अजाणता पण अचूक आखली आहे. शास्त्रीय गायनाने दुसरा तोडगा काढला, तो पट्टीचा. पुरुषाने काळी एकच्या आसपास आणि स्त्रीने काळी चार-पाचच्या आसपास षड्ज धरला म्हणजे रागाचा बहुतेक विस्तार घरच्याच आवाजात होतो. मात्र स्त्रियांच्या वाट्याला यातली अडचण जास्त येते, कारण काळी चार धरणाऱ्या बाईचा सांधा पंचम-धैवताच्या घरात, ऐन मध्य सप्तकात पडतो. केसरबाई केरकरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तो सांधा कोठे आहे हे मी पुष्कळदा शोधले आणि मला तो सापडला नाही; खालचा घट्टपणा त्या वरपर्यंत नेतात, पण नेताना त्याचे वजन तोळ्यातोळ्याने कमी करीत जातात, असे माझ्या अल्प कानाला वाटते.

परंपरेचा एक आग्रह मात्र मला जाचक वाटत आला आहे. 'आवाज चोरू नको' ही ताकीद प्रत्येक शिष्याने ऐकलेली असते. आकार मोकळा हवा, आवाज उघडा हवा, खर्जाचा रियाझ पहाटे हवा, हे सर्व रास्तच आहे. परंतु वरच्या हलक्या आवाजाला सरसकट चोरटेपणाचा शिक्का बसल्यामुळे पुष्कळ पुरुषांनी त्याची कधी ओळखच करून घेतली नाही, आणि ज्याची ओळख नाही त्याच्या हाती चार्ज कसा द्यावा? विष्णु दिगंबरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी पाश्चात्त्य आवाज-जोपासनेचा मुद्दाम अभ्यास केला, आणि पुढे अशोक दा. रानडे यांनी तो विचार आपल्या संगीताच्या अंगाने वाढवला, तेव्हा कोठे 'आवाज हा घडवायचा असतो आणि त्याचे शास्त्र आहे' ही गोष्ट मराठी गायकवर्गात उजळ माथ्याने बोलली जाऊ लागली.

आणि आता मूर्तिजापूर. म्हातारबुवांच्या विनोदानंतर काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की ज्या गावी गाडी बदलावी लागे त्याच गावी, २ मे १९२० रोजी, गायक वसंतराव देशपांडे जन्मले. पुढे नागपुरास शंकरराव सप्र्यांकडे शिक्षण, लाहोरास असद अली खाँसाहेबांकडे मारवा, आणि पोटासाठी लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी. म्हणजे शार्ङ्गदेवाच्याच दफ्तरातले आणखी एक. १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले त्यात खाँसाहेब आफताब हुसेन त्यांनी उभा केला, आणि ते नाटक लिहिणाऱ्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या आडनावातच आमचे दारव्हा आहे. एकाच अरुंद रुळावरची ही दोन स्थानके त्या एका प्रयोगात एकत्र यावीत, हा योगायोग मला कोणी कितीही क्षुल्लक ठरवला तरी सोडवत नाही. वसंतरावांच्या तानेत मंद्रातला घरघरता जाडपणा आणि तारेतली लखलख एका श्वासात भेटतात. ती इतकी वेगाने वर जाते की सांधा दिसायला वेळच मिळत नाही, अशी आधी माझी समजूत होती. परंतु संथ जागा पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मला निराळेच दिसले. वर जाण्याच्या दोन-तीन स्वर आधीच ते वजन उतरवू लागतात. तार स्वरावर पोचेपर्यंत छातीचा आवाज एखाद्या गंधाएवढा शिल्लक राहतो, तो पुसला मात्र जात नाही. म्हणून तो स्वर बारीक असूनही पुरुषी वाटतो. १९८३ मध्ये ते गेले, पण ध्वनिमुद्रणांनी तो धडा ठेवला आहे आणि तो कोणालाही फुकट घेता येतो.

सांधा लपवण्याऐवजी मिरवणाराही एक गायक आमच्या जुन्या मध्यप्रांतानेच दिला. खांडव्याचे किशोरकुमार ज्या 'योडलिंग'साठी प्रसिद्ध झाले ते दुसरेतिसरे काही नसून छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात मुद्दाम, वारंवार आणि तालात मारलेली उडी होय. माझ्या गळ्यातून त्या पहाटे जे नकळत निघाले तेच त्यांनी जाणूनबुजून केले आणि टाळ्या घेतल्या.

राहिला प्रश्न उपायाचा. ज्यांच्याकडे मी उतारवयात शिकायला गेलो त्या गुरुजींनी पहिले दोन महिने मला गाऊच दिले नाही. पाण्याने अर्धा भरलेला पेला, त्यात शीतपेयाची नळी बुडवलेली, आणि नळीतून 'ऊ' म्हणत खालून वर आणि वरून खाली जायचे. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत आणि एकसारखे आले पाहिजेत. मला हा पोरखेळ वाटला. परंतु तोंडाची वाट अरुंद झाली की आत जो वाऱ्याचा दाब मागे साठतो तो स्वररज्जूंना हलकेच आधार देतो, त्या एकमेकींवर आपटत नाहीत आणि थोड्या श्रमात पातळ होऊ शकतात, हे अमेरिकेतल्या इंगो टित्झ यांच्यासारख्या आवाज-शास्त्रज्ञांनी सविस्तर दाखवले आहे. जेथे सांधा येई तेथे माझे बुडबुडे एकदम उसळत किंवा बंद पडत. गळ्याआधी पेल्यानेच चुगली केली असे म्हणायला हरकत नाही. नळीनंतर घोड्यासारखी ओठांची फुरफुर, मग वरून खाली उतरणे, कारण दुसऱ्या कारभाऱ्याला खाली आणणे हे पहिल्याला वर चढवण्यापेक्षा सोपे असते, आणि शेवटी मंद आवाजात 'ऊ', 'ओ', 'आ'. एकाच स्वरावर अगदी बारीक सुरुवात करून आवाज वाढवायचा आणि पुन्हा बारीक करीत संपवायचा, हा अभ्यास सर्वांत अवघड, आणि गार्सियाच्या काळापासून तो सर्वांत शेवटी ठेवलेला आहे. 'जोर केलास की पाच मिनिटे मौन,' एवढीच शिक्षा गुरुजी करीत. सलग दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर नळी, पेला आणि गुरू तिन्ही बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टराकडे जावे, हेही त्यांनीच बजावले होते. कारण ओरडून गाणाऱ्यांच्या रज्जूंवर गाठी धरतात आणि त्या रियाझाने जात नाहीत.

गेल्या कार्तिकात मी पुन्हा त्या गावी गेलो. पेटीवाल्याला काळी दोन घ्यायला राजी करण्यात दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या समाधानासाठी काळी तीन घेतली. वरच्या चरणाचा मान या वेळी मी नववीतल्या एका मुलाला दिला. त्याला मिसरूड फुटू लागली होती आणि आवाज बोलतानाही दोन घरांत राहत होता. षड्ज त्याने सुरेख लावला, ऋषभावर किंचित डळमळला, आणि गांधारावर माझ्याच जागी, माझ्यासारखाच, चिरकला. ओट्यावरची पोरे हसली. म्हातारबुवांनी टाळ न थांबवता मान वर केली आणि म्हणाले, "मुर्तिजापूर आलं रे बाप्पा!"

मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. शकुंतला त्याने कधी पाहिलेलीच नव्हती. गाडी बंद झाली तेव्हा तो फारच लहान असावा. आरती झाल्यावर शेगडीपाशी चहा घेत मी त्याला अडीच फुटांचा रूळ, साडेपाच फुटांचा रूळ आणि मधला फलाट समजावून सांगू लागलो, तेव्हा त्याने मध्येच विचारले, "मंग काका, एकच रूळ कामून नाही टाकला त्यायनं?"